बोलता न येणाऱ्या मुलाने अक्षरांची वाट किती दिवस पाहायची?

वाचकांच्या प्रश्नांच्या या सदरासाठी आलेल्या पत्रांमध्ये या वेळी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली सहा पत्रे एकाच विषयाभोवतीची आहेत. ज्या मुलांना बोलण्यासाठी, हालचालीसाठी किंवा शिकण्यासाठी इतरांच्या मोठ्या आधाराची गरज असते, त्यांना आपले म्हणणे सांगता यावे आणि लिहिता-वाचता यावे यासाठी घराने आणि शाळेने काय करावे, असे या पत्रांचे सार आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार गाळली असून पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न: माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला बोलता येत नाही आणि हातांवर ताबा नाही, पण घरात कोण काय बोलले ते त्याला कळते, असे मला त्याच्या डोळ्यांवरून वाटते. तो जातो त्या शाळेत सांगतात की आधी बोलणे आणि जेवण-शौचाचे स्वावलंबन येऊ द्या, अक्षरांचे नंतर पाहू. आम्ही घरी तेलुगू बोलतो, तेही बंद करून फक्त मराठी बोला, असा सल्ला मिळाला आहे. मी काय करावे? – एक आई, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर: ताई, अक्षरे आजपासून सुरू करा आणि तेलुगू बंद करू नका.

सेरेब्रल पाल्सीमध्ये मेंदूच्या ज्या भागांकडून स्नायूंच्या हालचालींचे नियंत्रण होते, त्यांना जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात इजा झालेली असते. जीभ, ओठ, स्वरयंत्र आणि श्वास यांचा मेळ बसत नाही म्हणून शब्द उमटत नाहीत. भाषा आत तयारच झालेली नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. यांतील काही मुलांना बौद्धिक अपंगत्वही असते आणि काहींना नसते, परंतु ज्याला बोलता येत नाही आणि बोटही दाखवता येत नाही त्याची समज नेहमीच्या चाचण्यांनी मोजणे कठीण असते, कारण त्या चाचण्यांची उत्तरे बोलून किंवा हाताने द्यायची असतात. विशेष शिक्षणाच्या अमेरिकी अभ्यासक ॲन डोनेलन यांनी १९८४ मध्ये अशा परिस्थितीसाठी एक कसोटी मांडली: खात्रीची माहिती हाती नसेल तेव्हा असे गृहीत धरावे, की जे पुढे चुकीचे ठरले तरी मुलाचे कमीत कमी नुकसान होईल. तुमच्या मुलाला कळते असे मानून अक्षरे शिकवली आणि ती त्याला फारशी आली नाहीत, तर काही वेळ खर्ची पडेल. त्याला कळत नाही असे मानून ती शिकवलीच नाहीत आणि त्याला कळत होते, तर त्याचे शिकण्याचे वय हातचे जाईल. ‘आधी हे, मग ते’ अशी शिडी लावणाऱ्या शाळा बहुधा वाईट हेतूने वागत नसतात, पण त्या शिडीला शास्त्राचा आधार नाही. बोलणाऱ्या मुलाला आपण तो चमच्याने खायला शिकेपर्यंत गोष्टीच्या पुस्तकापासून दूर ठेवत नाही.

पहिले काम म्हणजे डोळे आणि कान तपासून घेणे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बऱ्याच मुलांना दृष्टीची अडचण असते, आणि कधी कधी डोळा निर्दोष असूनही मेंदू दिसलेल्या गोष्टीचा अर्थ नीट लावू शकत नाही. अशा मुलापुढे चित्रांनी गच्च भरलेला तक्ता धरला तर तो तोंड फिरवतो आणि आपण त्याला ‘रस नाही’ म्हणून मोकळे होतो. त्याच्यासाठी काळ्या पार्श्वभूमीवर मोठे पिवळे किंवा पांढरे अक्षर आणि एका वेळी थोडेच, अशी मांडणी करून पाहावी. बसण्याची सोयही याच टप्प्यावर व्हायला हवी. पाठ व मान टेकलेली आणि पावले खाली टेकलेली असतील तरच नजर स्थिर राहते. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीची खास खुर्ची ‘अ‍ॅलिम्को’ हा केंद्र सरकारचा उपक्रम तयार करतो आणि ती अपंग व्यक्तींना सहायक साधने देणाऱ्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून मिळू शकते.

मग ‘हो’साठी त्याची एक खूण ठरवा. वर पाहणे, डोळे मिटणे, जीभ किंचित बाहेर काढणे यांपैकी जी हालचाल त्याला सर्वांत कमी कष्टात आणि दर वेळी सारखी करता येते ती निवडावी. ती खूण घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावी आणि लिहून त्याच्या खुर्चीला लावलेली असावी, म्हणजे आत्या आली किंवा शाळेत नवीन मावशी आल्या तरी त्याचा ‘हो’ हरवणार नाही.

ही एक खूण पक्की झाली की संपूर्ण मुळाक्षरे त्याच्या आवाक्यात येतात, आणि या बाबतीत आपली वर्णमाला फार सोयीची आहे. एका पुठ्ठ्यावर क, च, ट, त आणि प हे पाच वर्ग पाच ओळींत लिहा. त्याखाली य ते ज्ञ ही अक्षरे दोन ओळींत लिहा, आणि स्वर व त्यांच्या खुणा, म्हणजे काना, वेलांट्या, उकार, मात्रा आणि अनुस्वार, वेगळ्या पट्टीवर घ्या. तुम्ही ओळींवर एकेक करून बोट ठेवत विचारायचे: ‘या ओळीत आहे? या ओळीत?’ त्याने खूण केली की त्या ओळीतले एकेक अक्षर उच्चारायचे, आणि अक्षर सापडले की काना-मात्रेची पट्टी. ‘पाणी’ लिहिताना प-ओळीत पहिल्याच अक्षराला थांबणे, मग काना, मग ट-ओळीत शेवटचा ण, मग दीर्घ वेलांटी, एवढेच त्याला करायचे असते. हे संथ काम आहे. सुरुवातीला तो कुठेही खूण करील, अर्थ न लागणारी अक्षरे निवडील. बोलणारे मूलही पाटीवर आधी रेघोट्याच ओढते. त्याने निवडलेली अक्षरे कागदावर लिहा, मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांना उत्तर द्या. जोडाक्षरे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा आग्रह बराच काळ बाजूला ठेवावा.

हा तक्ता तुम्ही स्वतः न वापरता फक्त त्याच्यापुढे धराल, तर तो परीक्षेचा कागद होऊन बसेल. त्यामुळे दिवसभरात बोलता बोलता तुम्हीच त्यावर बोट ठेवत राहिले पाहिजे. बाबा आले म्हटले की ‘बा’वर बोट, भात झाला की ‘भा’वर. कोणतेही बाळ पहिला शब्द उच्चारण्याआधी सुमारे वर्षभर तो ऐकत असते. तुमच्या मुलाने आजवर अक्षरांनी बोलणारा एकही माणूस पाहिलेला नाही. विचारल्यावर उत्तरासाठी मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजावेत. त्याच्या स्नायूंना आज्ञा पोहोचायला तेवढा वेळ लागतो आणि आपण नेमके त्याच वेळी प्रश्न पुन्हा विचारून त्याची तयारी मोडतो.

तेलुगूविषयी: दोन भाषांमुळे अपंगत्व असलेल्या मुलांचा गोंधळ होतो या समजुतीला संशोधनाने दुजोरा दिलेला नाही. आई ज्या भाषेत सहज बोलते, रागावते आणि लाड करते, तीच भाषा तिने तोडून टाकली तर मुलाच्या वाट्याला तुटक, अवघडलेली मराठी येते आणि आजी-आजोबांचे बोलणे परके होते. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि अक्षरे सध्या शाळेच्या लिपीत, असे चालू द्या. पुढे हवे असल्यास तेलुगू लिपीचाही तक्ता करता येईल. तिच्यातही वर्गांचा क्रम हाच असल्याने त्याला पद्धत नव्याने शिकावी लागणार नाही.

प्रश्न: माझी नात सहा वर्षांची असून तिला स्वमग्नता (ऑटिझम) आहे. ती टीव्हीवरील जाहिरातींची वाक्ये जशीच्या तशी म्हणते, पण तहान लागली तरी पाणी मागत नाही, किंचाळते. स्पीच थेरपिस्टनी चित्रांचा तक्ता आणि मोबाईलमधील ॲप सुचवले आहे. चित्र दाखवून काम भागू लागले तर ती बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल, अशी घरात सर्वांना भीती आहे. – निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर: आपली भीती बहुतेक सर्व घरांत असते आणि ती स्वाभाविक आहे, परंतु पुरावा उलट दिशेचा आहे. बोलण्याला चित्रे, खुणा किंवा यंत्र यांची जोड दिल्यावर मुलांच्या बोलण्याचे काय होते, हे पाहणाऱ्या अभ्यासांचा एक आढावा २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. काटेकोर पद्धतीने नोंदवलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे कमी झालेले नव्हते. सुमारे ८९ टक्के व्यक्तींच्या बोलण्यात वाढ झाली होती आणि बाकीच्यांचे होते तसेच राहिले. वाढ बहुतेकांची लहानशी होती हेही सांगितले पाहिजे, कारण चित्रतक्ता हा मुलाला बोलते करण्याचा उपाय म्हणून घरात आणला की काही महिन्यांनी निराशा पदरी येते. तक्त्याचे काम हे की नातीला आज, या क्षणी, किंचाळण्यापेक्षा बरा मार्ग मिळावा. बोलणे वाढले तर आनंदच आहे.

जाहिरातींची वाक्ये निरर्थक समजू नयेत. स्वमग्नता असलेली अनेक मुले भाषा सुट्या शब्दांनी न शिकता अख्ख्या तुकड्यांनी उचलतात आणि तो तुकडा ज्या प्रसंगाशी जोडला गेला असेल त्या प्रसंगी वापरतात. सरबताच्या जाहिरातीचे वाक्य ती दुपारच्या उन्हात म्हणत असेल तर ती कदाचित पाणीच मागत आहे. कोणते वाक्य केव्हा म्हणते याची एक वही ठेवावी. आपण शिक्षक असल्याने हे काम आपल्या हाताला बसेल.

तक्ता करताना एक गोष्ट हमखास बिघडते. घरचे लोक पोळी, केळे, बिस्कीट, शी, शू यांची चित्रे लावतात आणि तक्ता मागणीपत्र होतो. माणसाच्या बोलण्यातले बरेचसे शब्द वस्तूंची नावे नसतातच: मी, तू, नको, आणखी, संपले, थांब, चल, बघ, दे, काय, कुठे, आवडले, दुखते. हे शब्द तक्त्यावर कायम एकाच जागी असावेत आणि वस्तूंची चित्रे त्यांच्या आजूबाजूला. ‘नको’ला तर पहिल्याच दिवशी मोठी जागा द्यावी आणि शक्य असेल तेव्हा तिचा ‘नको’ मानावा. ज्या मुलीचा नकार कोणी ऐकत नाही तिने चित्रे दाखवत राहण्याचे कारण उरत नाही. क्रियापदे तक्त्यावर ‘जा’, ‘खा’ अशी मूळ रूपात ठेवावीत आणि तिने बोट ठेवल्यावर आपण ‘मी जाते’ असे पूर्ण करून उच्चारावे, म्हणजे रूपे तिच्या कानावर पडतील. प्रत्येक चित्राखाली तो शब्द मोठ्या अक्षरात लिहिलेला हवाच. चित्रे हाताशी असतात तोवर मुलीला तेवढेच बोलता येते जेवढे मोठ्या माणसांनी तिच्यासाठी निवडले. ज्या गोष्टीचे चित्र आपल्याला सुचलेच नाही ती सांगण्यासाठी शेवटी अक्षरेच लागतात.

ॲपसाठी खर्च करावाच लागेल असे नाही. मुंबईच्या आयआयटीमध्ये तयार झालेले ‘जेलो’ हे संवादाचे ॲप विनामूल्य असून त्यात मराठी आहे. चेन्नईत विकसित झालेले ‘आवाज’ही भारतातील अनेक विशेष शाळांना परिचित आहे. मात्र कागदी तक्ता सोडू नये. तो अंघोळीच्या वेळी, प्रवासात आणि वीज गेल्यावर चालतो, आणि झेरॉक्स काढून लॅमिनेशन केलेल्या चार प्रती चार ठिकाणी ठेवता येतात. टॅबलेट कधी घेतलाच तर तो बोलण्यासाठी वेगळा असावा. त्याच पडद्यावर कार्टून दिसले की तो तिच्या लेखी टीव्ही होतो. आणि शिक्षा म्हणून तक्ता किंवा टॅबलेट काढून घेणे घरात कोणीही करू नये.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चौथीच्या वर्गात एक बहुविकलांग मुलगी आहे. ती बोलत नाही, पेन्सिल धरू शकत नाही. तिला रोज रंगीत खडू देऊन बसवते आणि मला अपराधी वाटते. फिरते विशेष शिक्षक महिन्यातून फार तर एकदोनदा येतात. पस्तीस मुले सांभाळून मी तिच्यासाठी काय करू शकते? – शिक्षिका, दक्षिण सोलापूर तालुका

उत्तर: बाई, पस्तीस मुलांच्या वर्गात तिच्यासाठी वेगळा तास काढणे तुम्हाला जमणार नाही आणि तशी अपेक्षा ठेवणेही अन्यायाचे आहे. म्हणून जे काम सर्वांसाठी उपयोगी आहे त्यातच तिची जागा करावी, असे मी सुचवतो. असे एक काम सविस्तर सांगतो, कारण ते आठवडाभर पुरते आणि पस्तीसही मुलांना वाचायला लावते.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांची यात्रा आली की होम मैदानावरच्या गड्ड्याखेरीज, म्हणजे तिथल्या जत्रेखेरीज, मुलांना दुसरे काही सुचत नाही. त्या आठवड्यात फळ्याशेजारी मोठा कागद लावा आणि वाक्याचा साचा ठरवा: ‘मी गड्ड्यावर … घेणार.’ मराठीत साचा निवडताना क्रियापद वस्तूच्या लिंगाप्रमाणे बदलत नाही ना, एवढे पाहावे. ‘मी फुगा घेतला, मी पिपाणी घेतली’ असा साचा नवख्या वाचकाला अडचणीचा होतो, ‘घेणार’ किंवा ‘पाहिजे’ मात्र तसेच राहते. सोमवारी दहा-बारा मुले आपापली वाक्ये सांगतील आणि तुम्ही ती, शेवटी त्यांचे नाव घालून, लिहाल. या मुलीपुढे फुगा आणि बांगड्या एकमेकांपासून हातभर दूर धरा आणि ती जिकडे नजर स्थिर करील ते तिचे वाक्य म्हणून तिच्या नावासह लिहा. मंगळवारी सर्वांनी ती वाक्ये वाचावीत. बुधवारी प्रत्येकाचे वाक्य कापून शब्द सुटे करावेत आणि पुन्हा जुळवावेत. तिच्यासाठी ‘पुढचा शब्द हा का हा?’ असे शेजारच्या मुलीने दोन चिठ्ठ्या धरून विचारावे. गुरुवारी एकेका मुलाने एकेक शब्द हातात धरून उभे राहावे आणि वाक्य तयार करावे. त्यात खुर्चीवरील मुलगी ‘घेणार’ झाली की ओळ तिच्यापाशी संपते. शुक्रवारी चित्रे काढून पाने शिवावीत, की वर्गाचे पुस्तक तयार. ते ती घरी नेईल, आणि तिच्या आईने मुलीच्या नावाचे छापल्यासारखे वाक्य पहिल्यांदा पाहिलेले असेल.

गोष्ट वाचून दाखवताना तिला ‘ससा कुठे आहे? दाखव बघू’ असे विचारू नका. त्या मुलीला दिवसभर कोणी ना कोणी तपासतच असते. त्याऐवजी वाचता वाचता थांबा, ‘मला वाटते कोल्हा लबाडी करणार’ असे स्वतःच म्हणा, तिच्याकडे पाहा आणि थांबून राहा. ती जो काही प्रतिसाद देईल, हसेल, आवाज काढील, हात हलवील, त्याला अर्थ आहे असे धरून पुढे बोला. ‘मग पुढे काय झाले?’ हे वाक्य तिच्याच वयाच्या मुलीच्या आवाजात एखाद्या जुन्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवले आणि पडद्यावर हात पडताच ते वाजेल अशी सोय केली, तर गोष्ट पुढे नेण्याचे काम तिचे होईल.

अक्षरांसाठी दोनच सूचना करतो. एक अक्षर पक्के होईपर्यंत महिनोन्‌महिने तेच घोटू नका; रोज नवे अक्षर घ्या, सर्व संपली की पुन्हा पहिल्यापासून फिरा, आणि सुरुवात तिच्या नावातील अक्षरांपासून करा. दुसरे असे, की ठिपक्यांवरून तिचा हात धरून नाव गिरवून घेणे म्हणजे लेखन नव्हे. ते तुमचे लेखन असते, तिचा फक्त हात. एका कडीत ओवलेली अक्षरांची पत्ती उलटत जाणे आणि ती जिथे खूण करील ते अक्षर लिहून घेणे, हीच तिची पेन्सिल. खडू रंगवणे बंद करायला नको, पण तो तिचा अभ्यासक्रम नसावा. शासनाने २०२१ मध्ये सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानातील पायाभूत साक्षरतेचे उद्दिष्ट वर्गातील सर्व मुलांसाठी आहे, आणि गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांकडे साहित्य मागताना हे आवर्जून लिहावे. अपराधी वाटून घेण्यात तुमचा वेळ जाऊ नये.

प्रश्न: मुलीचे अपंगत्व तीव्र असल्याने तिला शाळेत पाठवू नका, घरीच शिक्षण मिळेल, असे मुख्याध्यापकांनी सांगितले. हे नियमाला धरून आहे का? – पालक, बार्शी

उत्तर: नाही. शिक्षण हक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या मुलांना गृहाधारित शिक्षणाचा पर्याय निवडण्याचा हक्क दिला. तो पर्याय मुलाने व पालकांनी निवडायचा आहे, शाळेने लादायचा नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा स्वतःच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये बोलण्याला पूरक व पर्यायी संवादाच्या साधनांचा प्रसार करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. मुख्याध्यापकांचे म्हणणे लेखी मागा. बहुतेक वेळा तोंडी नकार कागदावर उतरत नाही. लेखी मिळालेच तर ते गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्जासोबत जोडा.

प्रश्न: एका केंद्रात न बोलणाऱ्या मुलांचा हात धरून त्यांच्याकडून मोबाईलवर मजकूर टाइप करून घेतात. माझ्या भाच्याने, ज्याने कधी एक शब्द वाचलेला आम्ही पाहिलेला नाही, आईविषयी सुंदर परिच्छेद लिहिला. बहिणीला रडू आवरेना. पण मला शंका येते. – एक मामा, पंढरपूर

उत्तर: तुमची शंका रास्त आहे, जरी ती बहिणीपुढे बोलून दाखवणे जड जाणार असले तरी. हात, मनगट किंवा कोपर धरून टाइप करवून घेण्याची ही पद्धत १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात सुरू झाली आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेत वेगाने पसरली. त्यानंतर तिच्या नियंत्रित चाचण्या झाल्या. मुलाला एक चित्र आणि हात धरणाऱ्याला दुसरे चित्र दाखवले असता टाइप झालेले उत्तर हात धरणाऱ्याने पाहिलेल्या चित्राचे निघाले. हे मदतनीस फसवणूक करत होते असे नव्हे. आपण हात ढकलत आहोत याची त्यांना स्वतःलाच जाणीव नव्हती. अमेरिकेतील वाचा व श्रवणतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २०१८ मध्ये ही पद्धत वापरू नये असे स्पष्ट निवेदन काढले, आणि मदतनिसाने हवेत धरलेल्या अक्षरफलकावर बोट दाखवायला लावण्याच्या पद्धतीविषयीही तसेच सांगितले.

पडताळणी घरीच होऊ शकते. मदतनीस खोलीबाहेर असताना भाच्याला एखादी वस्तू दाखवा, खाऊ घाला किंवा हातात द्या आणि मग मदतनिसाला आत बोलावून ‘तुला काय दिले?’ असे विचारा. याला नकार देणाऱ्या केंद्रात पुढचा हप्ता भरण्याआधी थांबावे.

पहिल्या उत्तरात सांगितलेली ओळी-अक्षरे विचारत जाण्याची पद्धत वेगळी आहे, कारण तिच्यात खूण मुलाची स्वतःची असते आणि त्याला कोणी स्पर्श करत नाही. तरीही तिथे आपल्याला हवे त्या अक्षरावर नकळत रेंगाळण्याचा मोह होतोच. म्हणून प्रत्येक अक्षरावर सारखाच वेळ थांबावे आणि दोन वेगवेगळ्या माणसांबरोबर मूल तसेच लिहिते का ते पाहावे. तो परिच्छेद भाच्याचा नसला तर त्याला सांगण्यासारखे काही नाही, असे मात्र बहिणीला वाटू देऊ नका. त्याचा हात सोडून त्याची स्वतःची खूण शोधण्यात तिचा वेळ सत्कारणी लागेल.

प्रश्न: मुलगी पंधरा वर्षांची आहे. बौद्धिक अपंगत्व तीव्र आहे, चार-पाच शब्द बोलते. आता अक्षरे शिकवण्याचे वय गेले का? आमच्यानंतर तिचे म्हणणे कोणाला कळणार, ही चिंता आहे. – वडील, विडी घरकुल परिसर

उत्तर: वय गेलेले नाही, मात्र ‘क कमळाचा’ हे पुस्तक आता बाजूला ठेवावे. पंधरा वर्षांच्या मुलीला सहा वर्षांच्या मुलाचे साहित्य दिले की ती ते ढकलून देते आणि तिला जमत नाही असा आपला समज होतो. तिच्या मोबाईलमधील फोटोंखाली एका ओळीचा मजकूर, किराणा दुकानाची यादी, शेंगा चटणीच्या पाकिटावरचे नाव, बसची पाटी, लग्नपत्रिका, आवडत्या गाण्यांची नावे, हे तिचे वाचन असावे. यादीतील वस्तू पिशवीत टाकून तिने शब्दावर रेघ मारली, तर ते वाचन आणि लेखन दोन्ही झाले. ती वर्तमानपत्र वाचू लागेल असे आश्वासन मी देणार नाही. काही शब्द ओळखता आले आणि आपले नाव इतर नावांतून निवडता आले, तरी दवाखान्यात आणि बँकेत त्याचा उपयोग होतो. अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ खालील कायदेशीर पालकत्वाची माहिती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडून घ्यावी, कारण सज्ञान झाल्यावर आई-वडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत.

आपल्यानंतर तिचे म्हणणे कोणाला कळावे यासाठी एक काम या महिन्यात करता येण्यासारखे आहे. तिच्या बाजूने, ‘मी’ या शब्दाने सुरू होणारी आठ-दहा पानांची एक वही तयार करा. मी ओठ चावते तेव्हा माझे पोट दुखत असते. मी ‘दादा’ म्हणते तेव्हा मला बाहेर जायचे असते. मला गोळी दह्यातून द्या, पाण्यातून दिली तर मी थुंकते. मला उत्तर द्यायला वेळ लागतो. मला अंधारात एकटे ठेवू नका. अशी वाक्ये, सोबत फोटो, औषधांची नावे, फिट येत असल्यास त्या वेळी काय करावे, आणि तिच्या ‘हो’ व ‘नको’च्या खुणा. काय लिहायचे ते तिला दाखवून, फोटोंपैकी कोणते लावायचे ते तिला निवडू देऊन लिहा. एक प्रत तिच्या पिशवीत, एक मावशी किंवा काकांकडे आणि एक शाळेत ठेवा, आणि दर वाढदिवसाला जुनी पाने बदला.